मेंढरांच्या फोटोला कुठला रोल घालावा?

आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात, कॅमेऱ्याचे रोल असतात. घरी येणारे पाहुणे पाण्याची बाटली काढताना ते बघतात आणि औषधं समजून आवाज खाली आणतात. माझा नवरा त्यांना सांगतो, "औषधंच आहेत, पण तिची. महिन्यातून एक घेतली की बरं वाटतं."

सप्टेंबरच्या शेवटी माझ्या नणंदेचा, माधुरीचा, साताऱ्याहून फोन आला. माधुरी शिक्षिका आहे. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं ती आटपाडीजवळच्या एका वाडीवर शिकवायला होती आणि तानूबाई नावाच्या एका मेंढपाळ बाईंच्या घरी राहायची. त्या ओळखीला आता नात्याचं वजन आलंय.

"वहिनी, कासला फुलं आलीत. आणि तानूआत्यांना फोटो हवाय. मेंढरांबरोबर. कागदावरचा, मोठा, काचेत बसवायचा."

"मोबाइलवर काढून दे की तू."

"दिलेत. त्यांनी ते बाळूला पाठवले. बाळू अंगठा पाठवतो, संपलं."

बाळू म्हणजे तानूबाईंचा मुलगा. तो कोइमतूरला गलाईचा धंदा करतो, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. त्या भागातल्या घराघरातून कुणी ना कुणी याच कामाला देशभर पांगलेलं असतं. बाळूचं म्हणणं असं, की आईवडिलांचं वय झालं, आता मेंढरं विकावीत आणि निवांत बसावं. प्रत्येक फोनवर तो हे म्हणतो. तानूबाईंना मेंढरं विकायची नाहीत. आणि त्यांनी ठरवलं होतं, की एक मोठा फोटो बाळूच्या दुकानात, त्याच्या डोळ्यांसमोर टांगायचा. रोज बघेल, मग विकायची भाषा करणार नाही.

मला हा युक्तिवाद फार आवडला. फोटोवर इतका विश्वास टाकणारी माणसं आता कमी भेटतात.

रोल निवडायला बसले. ज्यांनी फिल्मवर कधी फोटो काढला नाही त्यांच्यासाठी सांगते, की मोबाइलसारखं इथे नंतर बघू असं काही नसतं. एकदा रोल घातला की तो संपेपर्यंत त्याच नजरेने बघायचं. शंभर स्पीडचा रंगीत रोल बारीक कणांचा, स्वच्छ, पण त्याला उजेड भरपूर लागतो. तो कासच्या फुलांसाठी. चारशेचा रंगीत रोल माणसांसाठी, कारण तो सावलीतही चालतो, कातडीचा रंग मऊ ठेवतो आणि उजेडाचा अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेतो. आणि चारशेचा कृष्णधवल. तो मी आटपाडीसाठी बाजूला काढला. माळरान, दगड, काटेरी बाभळी, पांढरी मेंढरं. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. नवऱ्याने विचारलं, "तू कधी गेली आहेस का आटपाडीला?" म्हटलं, "नाही. पण दुष्काळी भाग आहे ना."

कप्प्यात एक स्लाइडचा रोलही होता. स्लाइड म्हणजे ज्या फिल्मवर उलटे रंग येत नाहीत, थेट खरं चित्रच उमटतं. रंग असे की बघत राहावं, पण उजेडाच्या मोजमापात जराही चूक चालत नाही. तोही घेतला. कशाला, ते माहीत नव्हतं.

एक सूचना, मोलाची: रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवते. खंबाटकी घाट ओलांडल्यावर भूक लागून मी तोच डबा उघडला होता, हे इथे सांगायला हरकत नाही.

साताऱ्याला माधुरीकडे मुक्काम. सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासला. सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर प्रवेशाचं बुकिंग आधी करून ठेवा आणि लवकर पोचा. गाडी खाली लावून त्यांच्या बसने वर जावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा पठार धुक्यात होतं. मग धुकं उठलं आणि सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, मधे मधे सीतेच्या आसवांचा जांभळा असा सगळा पसारा एकदम समोर आला. माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "एवढ्यासाठी आणलंस? हे तर आमच्या शेताच्या बांधावर पण असतं." तो म्हणाला, "तिथं तू बघतेस कुठं?"

शंभरचा रोल तिथे पुरता संपला. वाऱ्याने फुलं हलत होती, ढग सारखे ये-जा करत होते. दर चार मिनिटांनी बदलणाऱ्या उजेडात स्लाइडचा रोल घालायची हिंमत झाली नाही. तो डब्यातच राहिला. खाली उतरून कंदी पेढे घेतले, अर्धे वाटेतच संपले.

दुसऱ्या दिवशी गाडी माधुरीने चालवली. ती गाडी चालवताना वर्गात शिकवते तशीच बोलते, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देते. कऱ्हाडपर्यंत महामार्ग गुळगुळीत, पुढे पेठ नाक्याला डावीकडे वळलो की दोन्ही बाजूंना ऊस. आष्ट्याला तिचे चुलत सासरे राहतात, निवृत्त सुभेदार. "फक्त चहा," असं ठरवून आम्ही आत गेलो आणि भाकरी, भरली वांगी, खरडा, दही असा चहा घेतला.

माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून सुभेदारकाका खुर्चीतून उठले.

"रीलचा हाय न्हवं?"

"हो काका."

"मग खरा फोटू. थांबा."

ते आत गेले आणि पदकं लावलेला कोट घालून आले. मी चारशेचा रोल घातला. पडवीत छान सावली होती. पहिला फोटो त्यांचा, दुसरा काकूंबरोबर. तिसऱ्याला ते गल्लीत जाऊन ओरडले, "ए, या रं समदी! लाइन में आ जाओ!" शेजारचे आले. त्यांच्या शेजारचे आले. एक आजोबा अर्धी दाढी करून तसेच आले. सुभेदारकाका प्रत्येकाला सरळ उभं करत होते, "छाती फ्रंट! हसायचं न्हाई, दात दिसत्यात." एक सून लाजून मागे सरली तर म्हणाले, "आगं ये, फोटूत घरभेद नको." नंतर ट्रॅक्टर झाला, मग म्हैस. म्हशीलाही त्यांनी सावधान करून बघितलं.

मी माधुरीकडे बघत होते, काहीतरी कर म्हणून. ती पेरू खात उभी. "वहिनी, आता नाही म्हणालात तर या गल्लीत मला पुन्हा पाय ठेवता यायचा नाही."

चारशेचा रंगीत रोल आष्ट्यात संपला. मनाला समजावलं, की पुढे काय, माळरानच आहे. त्याला कृष्णधवल आहे.

सांगली मागे टाकून कवठे महांकाळकडे निघालो. ऊस विरळ होत गेला, मग द्राक्षांचे मांडव आले, दूर ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या. नागज फाट्याला चहा घेतला. आल्याचा, छोट्या ग्लासात, इतका गरम की ग्लास या हातातून त्या हातात फिरवावा लागला. तिथून आटपाडीकडे वळलो आणि मी काच खाली घेतली.

सगळं हिरवं होतं.

पाऊस यंदा मनासारखा झाला होता. माळावर बोटभर गवत, बाजरी कणसावर आलेली, डाळिंबाच्या बागांत लाल फळं लोंबत होती, ओढ्याला पाणी. एका बांधावर तर तीच सोनकी, जी बघायला मी आदल्या दिवशी तिकीट काढलं होतं.

"दुष्काळी भाग ना?" भावाकडून ऐकलेलं माझंच वाक्य माधुरी म्हणाली आणि या वेळी स्वतः उत्तर दिलं नाही.

तानूबाईंचं घर वाडीच्या टोकाला आहे, पत्र्याचं, समोर मोठं अंगण, पलीकडे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपणाचं वाडगं. आम्ही पोचलो तेव्हा मेंढरं चरून परतत होती. ती माडग्याळ जातीची, उंच, पोपटाच्या चोचीसारखं नाक, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके. तानूबाई साठीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी आधी माधुरीच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या.

"ह्याच का फोटूवाल्या वैनी? लय बारीक हाय की वो. कॅमेरा पेलतोय का?"

त्यांचे यजमान बिरूआबा ओट्यावर चातीवर लोकर कातत बसले होते. हातातली ती लाकडी चाती गरगर फिरत होती आणि लोकरीतून धागा निघत होता. संध्याकाळचा तिरपा उजेड त्यांच्या बोटांवर होता. मी कृष्णधवल रोल घातला आणि पाच-सहा फोटो काढले. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं खरं ठरलं. त्या बोटांना रंगाची गरज नव्हती.

मेंढीच्या दुधाचा चहा प्यायला, दाट आणि पोटभर. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. जेवताना तानूबाईंनी विचारलं, "फोटू रंगीत येणार न्हवं?"

मी सांगितलं, की काळा-पांढरा काढणार आहे, तो फार सुंदर दिसतो, मेंढरं पांढरी आहेत ना.

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"आवं वैनी, काळापांढरा फोटू मेल्याल्या मानसाचा आसतो. आमच्या सासऱ्याचा हाय बगा त्यो." भिंतीवर खरंच होता, हार घातलेला. "असला फोटू दुकानात लावला तर गिऱ्हाईक इचारंल, आई कवा गेली? आमी अजून जित्ती हाय."

"आन बाळू घाबरून उद्याच मेंढरं इकंल," बिरूआबा पहिल्यांदाच बोलले.

मी हसले, पण रात्री डोळा लागायला वेळ लागला. न पाहिलेल्या गावाचा रंग मी घरी बसून, फ्रिजपाशी उभी राहून ठरवला होता. रोल निवडते असं मी म्हणते, पण बऱ्याचदा मी मतच निवडत असते आणि मग त्यात बसेल तेवढंच बघते. आता रंगीत म्हणून एकच रोल उरला होता, स्लाइडचा, चूक न खपवून घेणारा.

सकाळी अर्धवट राहिलेला कृष्णधवल रोल गुंडाळून काढला, स्लाइडचा घातला आणि मऊ उन्हात फोटो काढायला तयार झाले. पण तानूबाई तयार नव्हत्या. भाकरी झाल्या, धारा झाल्या, मग ट्रंकेतून हिरवं इरकल निघालं, ते नेसताना निऱ्या दोनदा सुटल्या, मग नथ सापडेना. नथ सापडली ती बिरूआबांच्या पानाच्या डब्यात. ती तिथे कशी गेली यावर दोघांचं बरंच झालं.

"तुमी इकायला काडली व्हती!"

"इकायची आसती तर पानात कशाला ठिवली आसती?"

एवढ्यात ऊन डोक्यावर आलं. संध्याकाळपर्यंत थांबता येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी माधुरीच्या शाळेत परीक्षा होती. आणि बिरूआबांनी आणखी एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. ऊन तापलं की मेंढरं गोल उभी राहतात आणि प्रत्येक मेंढी आपलं डोकं दुसरीच्या पोटाखाली घालते. मग बघायला नुसत्या पाठी. म्हणजे वेळ थोडाच होता.

तानूबाई कळपाच्या मधोमध उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, चेहरा पदराच्या सावलीत, आणि भोवती उन्हात लखलखणारी पांढरी मेंढरं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईने हात टेकले. चेहऱ्यापुरता उजेड मोजला तर मेंढरं पार जळून पांढरीफटक होणार. मेंढरांपुरता मोजला तर चेहरा काळा. आष्ट्यात म्हशीवर उधळलेला तो रोल असता तर त्याने दोन्ही सांभाळलं असतं. स्लाइड म्हणते, एक निवड.

"आत्या, पदर जरा मागे घ्याल?"

"सासऱ्याम्होरं?" त्यांनी घराकडे बोट दाखवलं. फोटोतले सासरे.

मी चेहरा निवडला. यात मला शंकाच वाटली नाही. आईचा फोटो आहे, आईचा चेहरा दिसायला हवा. मी त्या चेहऱ्याजवळ गेले. नथीखालचं हसू, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, माधुरीने काहीतरी चिडवल्यावर एकदम तरुण झालेली मान. रोलमधले जवळजवळ सगळे फोटो त्या चेहऱ्याचे घेतले. अगदी शेवटी, मेंढरं डोकी खाली घालायला लागली तेव्हा, बिरूआबांनी मागून तोंडाने एक लांब आवाज काढला, "हुर्र्र्र्र येऽऽ". सगळ्यांनी एकदम मान वर केली. इतकी तोंडं एका क्षणी माझ्याकडे! नुसतं वाटलं म्हणून भिंगाचा झरोका लहान केला, मेंढरांच्या उजेडापुरता, आणि एकच फोटो घेतला. लगेच डोकी पोटाखाली गेली.

परतताना विट्यावरून कऱ्हाडला आलो. हा रस्ता आधीच्यापेक्षा जवळचा आहे, तुम्हाला थेट आटपाडीला जायचं असेल तर हाच धरा. डिकीत डाळिंबांची पिशवी होती, ती तानूबाईंनी आम्ही नको म्हणत असताना ठेवली होती.

स्लाइड धुऊन देणाऱ्या लॅब आता मोजक्याच उरल्यात, त्यामुळे रोल कुरियरने मुंबईला पाठवला आणि वाट बघत बसले. वाट बघणं मला आवडतं असं मी नेहमी म्हणते, या वेळी आवडलं नाही. पट्ट्या परत आल्या तेव्हा खिडकीच्या काचेला लावून बघितल्या. चेहरे सुरेख आले होते. इरकलाचा हिरवा, नथीचा मोती, डोळ्यांतली मिश्कीलता सगळं जिथल्या तिथे, आणि भोवती मेंढरं नव्हतीच, नुसता पांढरा झगझगाट. तानूबाई ढगात उभ्या असल्यासारख्या. मी त्यातला सगळ्यात चांगला मोठा करून घेतला, कासच्या फुलांपेक्षा जास्त वेळ देऊन. सोबत त्या शेवटच्या फोटोची एक लहान प्रत आठवण म्हणून टाकली आणि माधुरीकडे पाठवली. सुभेदारकाकांच्या गल्लीचे फोटोही त्याच पाकिटात होते. म्हैस सगळ्यांत रुबाबदार आली होती.

माधुरी दोन्ही फोटो घेऊन वाडीवर गेली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला. तानूबाईंनी मोठा फोटो हातभर लांब धरला.

"झ्याक हाय. लय झ्याक. पर वैनी, मेंढरं कुटं गेली?"

मी उजेडाचं समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, लहान फोटो डोळ्यांजवळ नेला. मग बोट फिरायला लागलं. "ही चांदी. ही बोडकी. ही तिची लेक, नाक बगा कसं घेतलंय. ह्यो लंगडा. आन ही बाळूच्या मेंढीची नात." त्यांच्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाने एक मेंढी सोडतात, आणि तिची पुढची वीण त्या मुलाचीच धरतात, हे मला तेव्हा कळलं. "ह्योच मोठा करून द्या. काचंत बसवून."

"पण आत्या, यात तुमचा चेहरा काळा आलाय. काहीच दिसत नाही."

"माजं त्वांड त्याला ठावं हाय की. त्यो इसारलाय ती मेंढरं."

मी तो मोठा करून दिला. पहिल्या फोटोचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, "त्यो तुमाला ऱ्हाऊ द्या. तुमी मनापासनं काडलाय." तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, सासूबाई का? मी सांगते, नाही, पण त्यांच्याकडे जायचं असेल तर पत्ता देते. आणि रोल कुठला न्यावा असं विचारणाऱ्यांना हल्ली मी स्पीड सांगत नाही. फोटो कुणाला बघायचाय, हे आधी विचारते. मग बाकीचं आपोआप ठरतं.

फोटो कोइमतूरला पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी माधुरीचा फोन आला. बाळूने आईला फोन केला होता. या वेळी विकायचं नाव काढलं नाही. विचारलं, "चांदीच्या मागं तांबड्या कानाची हुबी हाय, ती माज्यातलीच न्हवं?" मग म्हणाला, दिवाळीला जरा जास्त दिवस येतो, लोकर कातरणीला हात लावीन, माझी कात्री गंजली तर नाही ना.

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

माधुरी हसायला लागली. "काय म्हणणार? गंजली होती. आबा सकाळपासून दगडावर घासत बसलेत."